अकरा पाकिटं

माझी सध्याची पोस्टिंग कोलोराडोत, मुलाच्या घरी. दीड वर्ष झालं. ड्यूटी स्वयंपाकघर आणि नात. त्याआधी एकोणीस वर्षं मी निमलष्करी दलाच्या महिला बटालियनमध्ये कुक होते. नवरा त्याच दलात होता. घाटात गाडी दरीत गेली, त्यात तो गेला, आणि अनुकंपेवर मला घेतलं. चौथी पास बाईच्या हातात बंदूक देत नाहीत. पण मला वर्दी होती, नंबर होता, आणि सकाळच्या फॉल इनला मीही उभी राहत होते.

कुकला सैनिक म्हणायचं का, असं मुलाच्या एका मित्राने माझ्यासमोर विचारलं होतं. त्याचं नाव निखिल, पुण्याचा. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. मनात मात्र म्हटलं, तुझ्यासारखे शंभर जण उपाशी पोटी चार पावलं चालवून दाखव, मग बोलू.

हा निखिल यांच्या सायकल ग्रुपचा कॅप्टन. मी कॅप्टन पाहिले आहेत. याला कॅप्टन कुणी केलं ते कळत नाही. फोनवर ग्रुप याने काढला, एवढंच कारण असावं.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. पाडवा तीन दिवसांवर. रविवारी पाडव्याची राइड ठरली. ओढ्याकाठच्या सायकलच्या रस्त्याने पंचवीस किलोमीटरवरच्या गावात जायचं, तिथल्या बेकरीत केक खायचा आणि परत यायचं. केक खायला पंचवीस किलोमीटर. जाणारे सगळे कॉम्प्युटरवाले. माझा नितीनही त्यात होता. शनिवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये त्यांची मीटिंग झाली. एक तास बोलले. त्यातला पाऊण तास कपड्यांवर गेला. बुडाला गादी असलेल्या चड्ड्या. सायकलच्या पायडलात अडकतात असे बूट, ज्यांनी जमिनीवर चालता येत नाही. खायला ट्यूबमधली पेस्ट, दात न आलेल्या बाळाला देतात तशी.

"आई, तुझ्या पुऱ्या दे ना बरोबर," नितीन म्हणाला.

"किती माणसं?"

"लिस्टवर दहा आहेत."

मी बाराचं पीठ भिजवलं. लिस्टवर माझा कधीच भरवसा नव्हता.

रविवारी सकाळी साडेआठला सगळे गॅरेजसमोर जमले. ऊन पडलं होतं. अंगणातला बर्फ वितळून गवत दिसत होतं. पाच जण अर्ध्या बाह्यांत होते. तेवढ्यात एक मुलगी जुनी सायकल घेऊन आली. हिरवा स्वेटर, साधे कॅनव्हासचे बूट, हेल्मेट ढिलं. वाणसामानाच्या दुकानात राइडचा कागद लावला होता तो वाचून आली होती. निखिलने तिच्याकडे पाहिलं, तिच्या सायकलकडे जास्त वेळ पाहिलं.

"येऊ शकतेस. पण आम्ही स्पीड ठेवतो हं," तो म्हणाला. तिचं नाव विचारलं नाही.

मी विचारलं.

"प्रज्ञा. नागपूरची आहे मावशी. इथं युनिव्हर्सिटीत शिकते."

"थंडी वाजेल. जॅकेट कुठे?"

"थंडी कुठं आहे बाप्पा! ऊन केवढं आहे."

मी पाकिटं वाटली. फॉइलमध्ये तिखटमिठाच्या पाच पुऱ्या आणि गुळाचा खडा. टेबलावर ठेवून घ्या म्हणायचं, ही माझी पद्धत नाही. रेशन हातात द्यायचं. हातात दिलं की तोंड दिसतं, आणि तोंड पाहिलं की मोजणी होते. अकरा तोंडं, अकरा पाकिटं. एक पाकीट उरलं. गूळ बघून निखिल हसला.

"काकू, आम्ही काय बॉर्डरवर चाललोय का?"

"नाही," मी म्हटलं. बॉर्डरवर तुला कुणी नेणार नाही, हे म्हटलं नाही.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी ते निघाले.

दहा पन्नासला मी कपडे वाळत घालायला मागे गेले. वारा फिरला होता. सकाळी डोंगराकडून येत होता, आता उत्तरेकडून. पंधरा मिनिटांत हात बधिर झाले. हा वारा मी ओळखते. मी नितीनला फोन लावला.

"परत फिरा. बर्फ येतोय."

"आई, अ‍ॅपवर दोन वाजता दाखवतंय. तोपर्यंत आम्ही घरी."

सव्वाअकराला बर्फ सुरू झाला. आडवा. समोरच्या घराचं छप्पर दिसेना.

त्यांचं काय झालं ते नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. बेकरीतून ते अकराला निघाले होते, केकचे फोटो काढण्यात उशीर झाला म्हणून. बर्फ लागला तसे फुटले. जो तो आपला पळाला. गॅदरिंग पॉइंट ठरवलेला नव्हता. कुणी मागे राहू नये म्हणून एकाला सगळ्यांच्या शेवटी ठेवतात, तोही ठेवलेला नव्हता. अर्ध्या वाटेवर एक पेट्रोल पंप आहे, तिथे एकेक करून पोचले. बूट बर्फावर घसरत होते, म्हणून दोघे मोज्यांवर चालत आले. माझी सून रसिका मोठी गाडी घेऊन गेली. रसिका कामाची आहे, कमी बोलते. तिने दोन फेऱ्या केल्या. पहिली गाडी बारा वीसला आली, दुसरी बारा पंचावन्नला. पहिल्या गाडीत कॅप्टन होता.

गॅरेजमध्ये हीटर लावला होता. सगळे कांबळी गुंडाळून बसले. पाच मिनिटांत रंग आला. निखिल खुर्चीवर उभा राहिला.

"गाइज, एव्हरीवन सेफ! काय एपिक राइड झाली यार!"

फोटो काढला. अंगठे वर केले. कुणीतरी म्हणालं, एव्हरेस्ट करू आता. सगळे हसले.

मी चहा आणला. सवयीने अकरा कप भरले होते. ट्रे फिरवला. एक कप उरला.

मी ट्रे घेऊन उभी राहिले.

इथे मला मागचं सांगावं लागेल. जम्मूकडच्या डोंगरात आमची चार्ली कंपनी होती. रोज सकाळी रस्ता तपासायला मुली जायच्या, दिवसभर रस्त्याच्या कडेने उभ्या राहायच्या, संध्याकाळी परत यायच्या. असाच मार्च होता. दोन दिवस ऊन पडलं आणि हुकूम आला की थंडीचे कोट स्टोअरला जमा करा, तारीख झाली. कॅलेंडर बघून थंडी संपवणारे साहेब तिथेही होते. कोट जमा झाले. तिसऱ्या दिवशी मी तीस पाकिटं दिली, हातात. दुपारी बर्फ आला. वायरलेसवर ऑर्डर झाली, "पार्टी वापस. ओव्हर." दोन गाड्यांतून मुली परत आल्या. वायरलेसचा सेट माझ्या लंगरच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे होता. मी ऐकलं.

"चार्ली, स्ट्रेंथ बताओ. ओव्हर."

"स्ट्रेंथ पूरी. तीस. ओव्हर."

"रॉजर."

मी चहाचे तीस मग भरले. एक मग उरला.

पंधरा पावलांवर हवालदार मेजर उभी होती. जावं, सांगावं, असं मनात आलं. मग वाटलं, कुणी बराकीत आडवी झाली असेल. वायरलेसवर तीस सांगितलेत. मी कोण? कुक. हवालदार मेजर सगळ्यांसमोर खेकसेल. मी तो उरलेला मग परत पातेल्यात ओतला.

कॉन्स्टेबल सुमन पाडवी, नंदुरबारची. रस्त्याखालच्या मोरीवर, शेवटच्या जागी तिची ड्यूटी होती. पहिल्या गाडीवाल्यांना वाटलं दुसरीत आहे, दुसरीवाल्यांना वाटलं पहिलीत. सेक्शन कमांडरने तिला सांगितलं होतं, गाडी येईपर्यंत जागा सोडू नकोस. संध्याकाळच्या गिनतीला ती नाही हे कळलं, तोवर रस्ता बंद झाला होता. सकाळी सात दहाला ती मोरीच्या तोंडाशी सापडली. रायफल मांडीवर होती. जागा सोडलेली नव्हती.

चौकशी झाली. कारण लिहिलं, प्रतिकूल हवामान. हवामानाचं बरं असतं, त्याला सही करावी लागत नाही. कुकला कुणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

तर गॅरेजमध्ये मी ट्रे घेऊन उभी होते. मग मी ट्रे खाली ठेवला.

"एक माणूस कमी आहे."

कुणी ऐकलं नाही. मी ताट उलथण्याने वाजवलं.

"लाइनमध्ये उभे राहा. गिनती करा."

"काकू, काय झालं?" निखिल हसत होता.

"उभे राहा."

नितीनने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उभा राहिला. त्याच्यामागे बाकीचे. हसत-खिदळत एक, दोन, तीन करत दहावर थांबले.

"झाले की दहा! लिस्ट दहाचीच आहे काकू."

"पाकिटं अकरा गेली."

"कुणीतरी दोन घेतली असतील."

"मी हातात दिली. हिरव्या स्वेटरची मुलगी कुठे आहे?"

हसणं थांबलं. एक जण म्हणाला, ती मागे होती. दुसरा म्हणाला, मला वाटलं ती पहिल्या गाडीत आली. तिसऱ्याला ती आठवतच नव्हती. तिचा नंबर कुणाकडे नाही. नाव कुणाला माहीत नाही. दहा माणसांकडे दहा फोन, आणि प्रत्येकात सगळ्यांची टिंबं नकाशावर दिसत होती. जी लिस्टवर नाही तिचं टिंब नाही, आणि टिंब नाही म्हणजे माणूस नाही.

निखिल खाली बघत होता.

"तू तिला शेवटचं कधी पाहिलंस?" मी विचारलं.

"तिची चेन पडली होती. साडेअकरा असतील."

"मग?"

"मी म्हटलं, तू इथेच थांब, मी गाडी पाठवतो."

"कुणाला सांगितलंस?"

त्याने अंगावरचं कांबळं ओढून घेतलं.

"पंपावर गाडी आलीच होती. आत बसलो. हीटर लागला आणि... विसरलो काकू."

मला त्याला मारायचं होतं. वेळ नव्हता. एक पाच झाले होते.

"नितीन, गाडी काढ. रसिका, पोलिसांना फोन कर, मग आमच्याशी फोन चालू ठेव. आणि हा जागा दाखवायला येईल."

"माझे बूट ओले आहेत," निखिल म्हणाला.

रसिकाने माझे जुने गमबूट त्याच्यापुढे फेकले.

एव्हाना रस्ता बर्फाने भरला होता, तेरा किलोमीटरला पाऊण तास लागला. वाटेत दोन गाड्या खड्ड्यात गेलेल्या दिसल्या. फोनवर रसिका होती.

"आई, पोलीस निघालेत. रस्ता अडलाय, वेळ लागेल म्हणतात."

"जागा सांगितलीस?"

"पंपाच्या पलीकडे, ओढ्याचा रस्ता."

"ठीक. अ‍ॅम्ब्युलन्स पंपावर थांबव."

निखिल मागे बसून पुटपुटत होता. ती चालत निघून गेली असेल. कुणाच्या घरात गेली असेल. पोरगी हुशार वाटत होती.

"ती तिथेच आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"तू थांब म्हणालास ना."

चेन पडली ती जागा त्याला सापडेना. सगळं पांढरं. मी विचारलं, जवळ वाऱ्याला पाठ देता येईल असं काय आहे? नितीन म्हणाला, पुढे मोठ्या रस्त्याखालून सायकलसाठी बोगदा आहे. आम्ही गाडी वर थांबवून उतारावरून गेलो. तिथे वाऱ्याने साचलेला बर्फ गुडघ्यापर्यंत होता. मी पुढे होते. माझं वय एकसष्ट आहे. कॅप्टन मागे धापा टाकत होता.

बोगद्याच्या तोंडाशी सायकल आडवी होती, आत दोन पावलांवर प्रज्ञा. भिंतीला टेकून, गुडघे छातीशी. स्वेटर भिजून कडक झाला होता. थंडीने तिचा फोन बंद पडला होता. दोन वाजायला पाच मिनिटं होती. तिचं थरथरणं थांबलं होतं. थरथरणं थांबणं चांगलं नसतं.

"प्रज्ञा."

डोळे उघडले. ओठ हलले.

"मावशी, ते थांब म्हणाले होते."

निखिल तिचे हात चोळायला खाली बसला.

"चोळू नकोस. हात लावू नकोस. तुझं जॅकेट काढ."

त्याने काढलं. मी तिचा स्वेटर उतरवला, बरोबर आणलेलं ब्लँकेट आणि त्याचं जॅकेट आत-बाहेर गुंडाळलं आणि तिला अंगाशी धरलं. तिच्या मुठीत फॉइल होतं. तीन पुऱ्या खाल्ल्या होत्या, गूळ संपवला होता. दोन पुऱ्या नीट घडी घालून ठेवल्या होत्या. किती वेळ काढायचा ते माहीत नाही, म्हणून पुरवून खात होती. त्या सगळ्या मंडळीत शिपाई एवढी एकच.

नितीनने आणि निखिलने तिला उचलून वर आणलं. दोन वाजून चाळीस मिनिटांनी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये दिली. ती वाचली. डाव्या पायाची दोन बोटं डॉक्टरांनी काढली. ती आता चालते, आणि रविवारी माझ्याकडे जेवायला येते.

पाडव्याला ग्रुपने फोटो टाकला. गॅरेजमधला, अंगठे वर केलेला, दहा जणांचा. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, रसिकाने वाचून दाखवलं: वादळाला हरवलं, टीम कधीच कुणाला मागे सोडत नाही. त्याला खूप जणांनी शाबासकी दिली. निखिल दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला होता. मी पेढे घेतले आणि दार लावलं.

नितीन म्हणतो, आई, तू त्या दिवशी कमाल केलीस. मी त्याला काही सांगितलेलं नाही. मी काही केलं नाही, फक्त एक कप उरला तो परत ओतला नाही. हे मला आधीही करता आलं असतं. तेव्हा पंधरा पावलं होती.

कॉन्स्टेबल सुमन पाडवी. दुसरी प्लाटून, तिसरा सेक्शन. वय तेवीस. चहात साखर जास्त लागायची. वायरलेसवर हजर होती. चहाला नव्हती. मी पाहिलं होतं.