आमच्यात एक जास्त झालंय

शुक्रवारी दुपारी बायकोचा फोन आला तेव्हा मी खडकीला ऑफिसात होतो.

"ऐक, माझं काही जमत नाहीये. सॉफ्टवेअरचं रिलीज लांबलंय. शनिवार-रविवार दोन्ही दिवस बसावं लागणार."

"मग रद्द करू. पुन्हा कधीतरी जाऊ."

"अजिबात नाही. ती आठवडाभर 'पाळणा, पाळणा' करतेय. तू आणि आई जा तिला घेऊन."

आई म्हणजे तिची आई, माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर वर्ध्याकडचं घर बंद करून त्या आमच्याकडे वारज्याला राहायला आल्या, तेव्हा आमची मुलगी जेमतेम बसायला शिकली होती. आम्ही दोघं नोकरीवर, त्यामुळे मुलीला वाढवलं ते त्यांनीच. एवढा काळ एका घरात राहूनही आम्हा दोघांत एक पडदा होता. मी खोलीत शिरलो की त्या पदर सावरत उठायच्या. माझ्याआधी कधी जेवायला बसल्या नाहीत. मी विचारायचो, "आई, चहा घेतलात?" त्या म्हणायच्या, "घेतला जी." झालं, संवाद संपला. बाकी मला काही सांगायचं असेल तर ते लेकीकडून यायचं: "जवाईबापूले म्हण, तो पंखा आवाज करून राह्यला."

आता या बाईंबरोबर, मध्ये बायको नसताना, मला दोन दिवस थीम पार्कमध्ये काढायचे होते. मला वाटतं त्यांनाही तेवढंच अवघड वाटलं असणार. रात्री स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज ऐकू आला, "मले काय करायचं तिथं? मी का लहान पोरगी आहे?" पण सकाळी मी उठलो तोवर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून तयार होती.

आमची मुलगी अडीच वर्षांची. जन्म पुण्याचा, बाप पुण्याचा, आणि बोलते मात्र अस्सल वऱ्हाडी. दिवसभर आजीच्या कडेवर असल्यावर दुसरं काय होणार? "मले पायजे." "मी नाही येत, जाय!" सोसायटीतल्या बायका तिला मुद्दाम बोलायला लावून हसतात. माझ्या आईने एकदा फार काळजीच्या सुरात विचारलं होतं, "अरे, शाळेत घेतील ना हिला?"

घाट उतरून आम्ही पोचलो ते दहाच्या सुमारास. फाटकावरच्या रखवालदाराने डबा बाहेर काढायला लावला. बाहेरचं खाणं आत चालत नाही, फक्त लहान मुलांचं चालतं.

"मंग हे लहान मुलाचंच आहे," सासूबाई म्हणाल्या.

"एवढ्या दशम्या, मावशी?"

"खाते ती."

रखवालदाराने मुलीकडे पाहिलं. तिच्या हातात तेव्हाही एक दशमी होतीच. त्याने मान हलवून आम्हाला आत सोडलं.

आत गेल्यावर पहिली गोष्ट घडली ती अशी की एक भलंमोठं अस्वल आमच्याकडे हात हलवत आलं. अस्वलाच्या पोशाखातला माणूस होता तो, येणाऱ्या मुलांचं स्वागत करत होता. मुलीने त्याला पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की अस्वलच दोन पावलं मागे सरकलं. ती माझ्या अंगावर माकडासारखी चढून बसली आणि तोंड माझ्या मानेत खुपसलं. पुढचा तासभर आम्ही जिथे अस्वल नाही अशाच वाटेने फिरलो.

शिवाय तिला कुठेच घेत नव्हते. प्रत्येक खेळाच्या दाराशी एक रंगीत पट्टी उभी, आणि मूल त्या पट्टीइतकं उंच हवं. आमची मुलगी प्रत्येक पट्टीला पाठ लावून ताठ उभी राहायची, टाचाही उचलायची आणि पट्टी तिच्या डोक्याच्या पार वर असायची. बायकोने पाठवलेला बेत दाखवणारा फोन मी गुपचूप खिशात ठेवून दिला. मग सापडलं ते घोड्यांचं मेरी-गो-राउंड. मोठं माणूस शेजारी असेल तर लहान मुलंही चालणार होती.

तिने निळा घोडा निवडला. मी शेजारच्या पांढऱ्यावर बसलो. घंटा वाजली, घोडे वरखाली होत फिरायला लागले आणि मुलीच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं त्यासाठी मी हजार वेळा घाट उतरून गेलो असतो. ती हसत नव्हती. तोंड थोडं उघडं, डोळे मोठे, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरलेला, आणि प्रत्येक वेळी घोडा वर गेला की एक बारीकसा "हं" असा आवाज. थांबल्यावर तिने एकच शब्द उच्चारला, "पुन्ना."

मला गोल फिरणारं काही सोसत नाही. लहानपणी क्वार्टर्सच्या मैदानावरच्या चक्रीवरूनही मी उतरायचो तो थेट झाडाचा आधार शोधत. तरी दुसऱ्या खेपेला बसलो. तिसऱ्या खेपेला बसणार होतो, पण त्याआधी मला शेजारच्या फुलझाडांच्या वाफ्याकडे धावावं लागलं. तिथे ओणवा होऊन मी सकाळचे पोहे परत केले. मान वर केली तर सासूबाई पाण्याची बाटली घेऊन उभ्या. त्यांनी पाठीवर हात फिरवला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"पुन्ना!" मुलगी घोड्याशेजारी उभी राहून ओरडत होती. मग तिला बापाची अवस्था कळली असावी. "आजी, तू चाल!"

"मी? घोड्यावर?"

"चाल नं!"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कठड्यावर बसलो होतो, पांढराफटक पडलेला. त्यांनी पदर कमरेला खोचला, चपला नीट एकीकडे काढून ठेवल्या, आणि पांढऱ्या घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसल्या. घंटा वाजली. पहिल्या फेरीला माझ्यासमोरून गेल्या तेव्हा डोळे मिटलेले. दुसऱ्या फेरीला एक उघडा. तिसऱ्या फेरीला घोडा वर उसळला आणि त्या मोठ्याने हसल्या, दात दिसतील अशा. मी त्यांना असं हसताना पाहिलंच नव्हतं. त्यांचा आवाज असा खणखणीत आहे हेही मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर किती खेपा झाल्या कोण जाणे. मी सावलीत बसून दर फेरीला हात हलवत होतो आणि त्या दोघी दर फेरीला मला ओळख देत होत्या.

जेवणानंतर तिथल्या मोठ्या रस्त्यावरून मिरवणूक निघायची होती. ढोल, सजवलेल्या गाड्या, नाचणारी मंडळी. दोन्ही बाजूंना गर्दी झाली. मुलगी आम्हा दोघांच्या मध्ये उभी होती. मिरवणूक जवळ आली तशी मागून रेटारेटी झाली, आम्ही जरा इकडेतिकडे झालो. शेवटची गाडी गेली, माणसं पांगली, आणि मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"तुमच्यापाशी नाही?"

"मला वाटलं तुमच्याकडे आहे!"

मी तिच्या नावाने ओरडत आधी एका बाजूला धावलो, मग दुसऱ्या. प्रत्येक पिवळ्या फ्रॉकमागे गेलो. एका अनोळखी मुलीचा खांदाही धरला, तिची आई चमकून माझ्याकडे बघायला लागली. पुढच्या वळणावर कारंज्याचं उथळ तळं दिसलं आणि मी तिकडे धावलो. तेवढ्यात कुणीतरी मागून माझं मनगट पकडलं. सासूबाई होत्या.

"तू थांब," त्या म्हणाल्या. "असा पळू नको. ते तळं मी पाहून आलो, तिथं नाही ती. तू इथंच उभा राह्य, तिनं आपल्याले इथं सोडलं, इथंच शोधाले येईल. मी त्या शिपायाले सांगतो."

त्यांच्याकडच्या बायका 'मी सांगतो, मी जातो' असंच बोलतात. पण मला ऐकू आला तो त्यांचा 'तू'. आणि मी खरंच थांबलो, एखाद्या लहान मुलासारखा. समोर त्या सुरक्षारक्षकाला सांगत होत्या: पिवळा फ्रॉक, एका पायात मोजा नाही, कपाळावर काजळाची तीट, गालाला चटणी लागलेली असेल. मला यातलं काहीच धड आठवलं नसतं. तो वायरलेसवर पुढे कळवत होता. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे पाहत होतो.

फार वेळ गेला नसेल. मला मात्र तो फार वाटला. मग वायरलेस खरखरला, आणि रक्षक म्हणाला, "चला. घोड्यांपाशी आहे."

मेरी-गो-राउंडच्या रांगेत मुलांची एक मोठी साखळी उभी होती, एकमेकांच्या शर्टाची टोकं धरून. अगदी शेवटी आमची मुलगी, पुढच्या मुलाचा शर्ट मुठीत घट्ट पकडून. साखळीशेजारी डोक्यावरून ओढणी घेतलेल्या एक वयस्कर बाई उभ्या होत्या, मुलं त्यांना दादी म्हणत होती. मी धापा टाकत पोचलो तसं त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही आपली?"

मी मान हलवली.

"तरीच. आमच्यात एक जास्त झालंय म्हटलं. आधी सुनेला वाटलं, धाकट्या जावेची कुणी भाची असेल. पण ही म्हणते, 'मले घोडा पायजे.' म्हटलं, आमच्या घरात असं कोण बोलतं? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पुण्याच्या मंडईतले." मग म्हणाल्या, "अहो, मुलं मोजत जा. आम्ही फळांच्या पेट्या मोजतो, पोरंही मोजतो. तुमच्याकडे तर मोजायला एकच होती."

एरवी असा टोमणा मला झोंबला असता. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मुलीला उचलून छातीशी धरलं, तर ती पाय झाडत भोकाड पसरून रडायला लागली. हरवली म्हणून नव्हे, रांगेतून काढलं म्हणून. ती हरवलीच नव्हती. मुलं घोड्यांकडे चालली होती, तीही निघाली, एवढंच.

"सोडा तिले," सासूबाई म्हणाल्या. "एवढी रांगेत उभी राह्यली, बसू द्या."

मग ती त्या सगळ्या मुलांबरोबर निळ्या घोड्यावर बसली, आणि या खेपेला शेजारच्या घोड्यावर त्या घरची थोरली सून होती. आम्ही खाली कठड्याशी उभे. दादींनी पिशवीतून सोललेली संत्री काढून आम्हा दोघांच्या हातात ठेवली. ती आत कशी आणली हे मी विचारलं नाही. सासूबाईंनी डबा उघडून दशमी पुढे केली. दादींनी तुकडा मोडून खाल्ला, गूळ किती घालता ते विचारलं, आणि मग त्या दोघींचं जे सुरू झालं ते मुलं तीनदा फिरून आली तरी संपलं नव्हतं. दोघींच्याही नवऱ्यांच्या आजारपणापर्यंत गोष्टी गेल्या. वर्ध्याच्या घराविषयी मी घरात कधी ऐकलं नव्हतं तेवढं मला त्या कठड्यापाशी समजलं: अंगणात संत्र्याची दोन झाडं होती, सासऱ्यांनी लावलेली, आणि ते गेले त्या वर्षी ती फळलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही फारसं काही केलं नाही. मुक्कामाच्या हॉटेलात मुलीला खोलीतल्या न्हाणीघरात हात धरताच आपोआप सुरू होणारा नळ सापडला, आणि तिची सकाळ त्याच्यापुढेच गेली. मी आणि सासूबाई खिडकीशी बसून चहा प्यायलो. त्या पुन्हा 'तुम्ही' म्हणायला लागल्या होत्या. पण मी चहा ओतत असताना त्या उठल्या नाहीत, आरामात बसून राहिल्या, आणि कपात साखर कमी आहे असं मला सरळ सांगितलं.

निघताना मी विचारलं, "आई, घरी गेल्यावर तिला सांगायचं का? हरवल्याचं?"

"सांगून टाका. पोटात ठेवलं तं पोटच दुखते."

संध्याकाळी घरी पोचलो. बायको दारातच उभी होती. मुलीने तिच्याकडे झेप घेतली आणि घोडा, नळ, अस्वल, रांगेतले पोट्टे असं सगळं एका दमात सांगितलं. ती झोपाळल्यासारखी झाली तेव्हा मी बायकोला उरलेलं सांगितलं. ऐकता ऐकता बायको लाल झाली. मुलीला मांडीवर घेऊन तिच्या केसांतून बोटं फिरवत बसली.

"रडली का रे खूप?" शेवटी तिने विचारलं.

"नाही. एकदाच, आणि तेही घोड्यासाठी."

"आणि तू?"

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "ते तं दगडासारखे उभे होते बिचारे. मीच रडलो, मागून. न्हाणीघरात जाऊन." मग भांड्यांचा आवाज झाला. "कोणाच्या ध्यानात नाही आलं."

मला खरंच माहीत नव्हतं. बायको उठली, मुलीला माझ्या हातात दिलं आणि आत गेली. मी दारापर्यंत गेलो. ओट्यापाशी दोघी उभ्या होत्या, बायकोने मागून आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली होती, आणि सासूबाई एका हाताने तिचा गाल थोपटत दुसऱ्या हाताने भाकरी उलटत होत्या. मुलीने माझ्या खांद्यावरून डोकं उचललं, तव्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मले दे."