पेटीतली आडवी फळी

नवी पेटी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी चाचा तिच्यात कंदिलाची काच ठेवत, झाकण लावत आणि पेटी दुकानाच्या ओट्यावरून सरळ खाली लोटून देत. मग म्हणत, "उघड. काच फुटली असंन तर पेटी माही, तुहे पैसे तुले." तबले, बँडवाल्यांची क्लॅरिनेट, बुलबुल तरंग, सगळ्यांच्या पेट्या ते करत. पांढरकवड्यातले पेटीवाले चाचा म्हटलं की केळापूरपासून मुकुटबनपर्यंतचा वाजवणारा माणूस त्यांना ओळखायचा.

वाद्य ऐकल्याशिवाय ते माप घेत नसत. मी पेडल स्टील गिटार घेऊन गेलो तेव्हाही आधी वाजवायला लावली. ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. ती टेबलासारखी चार लोखंडी पायांवर उभी राहते, खाली पायाने दाबायचे पेडल. पाय, पेडल सुटे करूनच न्यावी लागते. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. "रडते तर मोठी गोड," ते म्हणाले. "पण हिचं लोखंड अन् हिचं अंग एका पेटीत नको. दोन कर."

दोन मला नको होत्या. कापसाचा भाव पडला तसे लग्नांतले ऑर्केस्ट्रा आटत चालले होते. आमच्या ऑर्केस्ट्राची मेटॅडोर गाडी विकली गेली, आम्ही एसटीने जाऊ लागलो. मी तहसीलमधला कारकून. हमालासारखं दोन पेट्या घेऊन स्टँडवर उभं राहायची मला लाज वाटे.

"चाचा, एकीतच बसवा."

"कायले? दोन हात देल्ले ना अल्लानं तुले?"

"एका हातात बॅग असते."

"तिच्यात काय सोनं असते का?"

"चमकीचा कोट."

चाचा इतके हसले की तोंडात धरलेले खिळे त्यांना ओंजळीत काढावे लागले. शेवटी पेटी एकच केली, पण मध्ये सागाची आडवी फळी स्क्रूंनी बसवली. वर गिटार, खाली लोखंड. "हे फळी काढू नको, बाबू. बाकी काहीबी कर."

बोरी अरबला एका लग्नात वाजवायला निघताना मी ती फळी काढली. ती काढली की कोटही पेटीत बसत होता आणि एक हात मोकळा राहत होता. एवढंच कारण.

तिथे एसटीच्या टपावरून पेटी उतरवली, मंडपामागे उघडली. पाय सुटून गिटारीवर आदळले होते. खुंट्या वाकलेल्या, अंगाला लांब चीर. गायक, ढोलकवाला, बँजोवाला, मॅनेजर, चौघेही वाकून बघत होते. "हे कसं झालं रे?" गायकाने विचारलं.

"चाचाची पेटी," मी म्हणालो. "काम कच्चं."

तेवढे चार शब्द पुरले. हळूहळू वाजवणारे पेट्यांसाठी यवतमाळला जाऊ लागले. चाचांनी मला दोनदा निरोप पाठवला, 'ते पेटी एकडाव दाखव.' मी गेलो नाही. पुढे ते चौकटी आणि खाटांचे पाय करू लागले.

बऱ्याच वर्षांनी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांचा रंधा थांबला.

"फळी तू काढलती?"

"हो."

"अन् मी इतके वर्ष माह्याच मापातली चूक शोधून राह्यलो." त्यांनी रंधा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "चार लोकांत बोलला ना? मंग चार लोकांतच सांग. मले एकट्याले सांगून काय होते?"

सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता चाचा गेले.

कब्रस्तानात ते चौघेही आले होते, केस पिकलेले. बाहेर पडताना गायक हळूच म्हणाला, "माणूस लय चांगला होता. एकच पेटी चुकली बिचाऱ्याची."

हाताला अजून त्यांच्या कबरीची माती होती. मी ती झटकली आणि 'हो' म्हणून मान हलवली.