वीस मिनिटं पुढचं घड्याळ

सही करायला मला कधी वेळ लागला नाही. सातवीत शाळा सुटली, शिरपूरकडून सुरतेत भेस्तानला यंत्रमागावर कामाला आलो, आणि तेव्हापासून जो कागद पुढे आला त्यावर नाव लिहीत गेलो. खोलीचा करार असो की बँकेचा फॉर्म, वाचत बसलो नाही. त्या दिवशी मात्र पोलीस जमादारसाहेबांनी पंचनाम्याचा कागद आणि पेन पुढे केला आणि मी हात मागे घेतला.

झालं असं की, आमच्या मागांच्या शेडच्या गोदामातून कापडाचा एक ताका चोरीला गेला. कॅमेऱ्यात एक माणूस दिसत होता, पाठमोरा, ताका खांद्यावर, डोक्याला हिरवा टॉवेल. पडद्यावर टाइम सकाळचे आठ वाजून दहा. आमची रात्रपाळी आठला सुटते. शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "हिरवा टॉवेल कोणाचा आहे ते मी सांगायला पाहिजे का?"

टॉवेल शेडमध्ये प्रत्येकाच्याच डोक्याला असतो. हिरवा मात्र माझा होता.

सुटल्यावर मी रोज दहा मिनिटं चालत नाक्यावरच्या खमणवाल्या काकांकडे जातो. त्यांच्या दुकानात कॅमेरा आहे. मी धापा टाकत तिथे गेलो. काकांनी गिऱ्हाइकं थांबवून त्या सकाळचं चित्र काढलं. मी उभा, हातात खमणचा कागद, टाइम सात वाजून एक्कावन्न. काकांच्या मशीनचा टाइम माझ्या फोनशी जुळत होता.

"काका, हे किती दिवस राहतं?"

"पंदर दिवस. पछी उपर नवुं चढी जाय, जुनं पुसलं जातं. पण तू घाबरू नको, तुझं मी काढून ठेवतो."

त्यांनी ते पेनड्राइव्हवर उतरवलं, आणि पोलीस येईपर्यंत मूळ मशीनला कुणाला हात लावू दिला नाही. परमुलखात माझ्यासाठी एवढं कोण करतं? त्यांचे उपकार आहेत.

शेडमध्ये आलेल्या जमादारांनी मात्र ते पाहून मान हलवली. "सात एक्कावन्नला खमण खाल्लं, आठ दहाला परत येऊन ताका उचलला. यात तू सुटतोस कुठे? आणि पाळी आठला सुटते, मग तू त्याआधी बाहेर कसा?"

"साहेब, शेडचा टाइम वीस मिनिटं पुढे आहे."

हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक. बदलीचा माणूस आल्याशिवाय चालू माग सोडता येत नाही, आणि तो उशिराच येणार. म्हणून शेडवर देखरेख करणाऱ्या मास्तरांनी भिंतीवरचं घड्याळ कधीपासूनच पुढे करून ठेवलेलं. येणं त्याच घड्याळावर, जाणंही त्याच घड्याळावर.

"पण कॅमेऱ्याचं घड्याळ तर वेगळं," जमादार म्हणाले.

आता मूर्खपणा माझाच होता, तो सांगावा लागला. कॅमेरा बसवणारा स्टुलावर उभा होता. त्याने खाली विचारलं, भाई, टाइम केटलो? मी जवळ होतो. मी भिंतीकडे बघून सांगितला.

"वा. आरोपीही तूच आणि घड्याळवालाही तूच," जमादार हसले. मास्तरही हसले आणि म्हणाले, "साहेब, बघा ना, घड्याळ तर बरोबर आहे."

मी वर पाहिलं. खरंच बरोबर होतं. पोलीस येणार म्हणून मास्तरांनी सकाळीच काटे फिरवले होते. इतक्यात खिशात फोन वाजला, गावाहून बायको. "काय व्हयनं? आवाज असा काब्र?" "काही नही," म्हणालो आणि ठेवला. फोन हातात तसाच राहिला, त्यावर टाइम अकरा दहा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर, कोपऱ्यात, अकरा तीस. भिंतीवरचं बदललं होतं, मशीनमधलं बदलायचं राहून गेलं होतं.

मी फोन पडद्याला टेकवून धरला.

"साहेब, हे कागदावर घ्या."

शेठ म्हणाले, "अरे, मिनिटं कोण लिहितं? सही कर आणि मोकळा हो."

"सही कर ने, भाई," जमादार म्हणाले. "मला आणखी दोन ठिकाणी जायचंय."

"लिहा, मग करतो. नाही लिहिलं तर नाही करत. घेऊन चला मला."

बोलून गेलो. पण शब्द मागे घेतला नाही.

जमादारांनी आपला फोन काढला, पंच म्हणून बोलावलेल्या दोघांचे फोन बघितले, फोन आणि पडदा एकत्र येतील असा फोटो काढला. मग लिहिलं: पडद्यावरचा टाइम खऱ्या टाइमपेक्षा वीस मिनिटं पुढे. पंचनामा गुजरातीत होता. गुजराती मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलेलो. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. शेठ दोनदा खोकले. जमादार मात्र थांबले, शेवटच्या ओळीपर्यंत. त्या थांबण्याचेही मी आभार मानतो. मग सही केली.

पडद्यावरचे आठ दहा म्हणजे खरे सात पन्नास, आणि तेव्हा मी काकांच्या दुकानात होतो. ताका कोणी नेला ते अजून कळलेलं नाही.

दोन दिवसांनी शेठचा फोन. "झालं ते झालं. कामावर ये."

"येतो. पण जिथे बोललात तिथेच सांगा, शेठ."

ते शेडमध्ये आले आणि काहीतरी बोलले. मागांच्या आवाजात नुसते ओठ हलताना दिसले. मी जाऊन माझे आठही माग बंद केले. बाजूच्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे बंद केले. मग पुढच्या ओळीनेही.

"आता बोला," मी म्हणालो.

"ताका याने नेला नाही," शेठ म्हणाले. शेवटच्या मागावरच्या माणसालाही ऐकू गेलं.