आजोबांची सकाळ

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजोबा रागावलेत का?" नाही. त्या वेळी त्यांचा चेहरा हलत नव्हता, एवढंच.

त्यांच्या कंपवाताच्या गोळीचं असं आहे की ती रक्तात उतरली की थोडा वेळ ते आपले जुने आजोबा असतात. सकाळी उपाशीपोटी ती लवकर उतरते. मग घोलवडच्या आपल्या वाडीत खुर्ची टाकून ते उतरवलेल्या चिकूंवर नख ओढतात. सालीखाली हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर पेटीत. चिकू निवडणाऱ्या बाईच्या चुकाही काढतात. ती कुठली ऐकून घेतेय!

"दादा, तुमचा चष्माच हिरवा हाय!"

त्यावर ते खळखळून हसतात. ते हसू तुम्हाला दाखवायचं होतं. पण तेव्हा तिकडे इंग्लंडात तुमची मध्यरात्र असते.

म्हणून त्यांची चांगली वेळ तुमच्या फोनच्या वेळेवर आणता येईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "करून बघा, काकू," ते म्हणाले, "पण दिवस कलला की पोट मंदावतं. गोळी तीच असली तरी रक्तात उशिरा पोहोचते आणि कमी पोहोचते."

मासळीनेही गोळीची वाट अडते. म्हणून त्या रविवारी दुपारी मी त्यांना नुसता पेजभात वाढला.

"बोंबील नाहीत? तू घड्याळाशीच लग्न करायचं होतंस."

संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून त्यांना झोपाळ्यावर बसवलं. गोळी दिली होती. तुमचा फोन आला. त्यांचे ओठ जरा विलगले आणि तसेच राहिले. पुढचं तुम्ही पाहिलंत.

फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळाने त्यांना शब्द सापडले. "बोंबीलही गेले, पोरंही गेली." मग म्हणाले, "यापुढे फोन झाडाकडे धर."

सकाळचा व्हिडिओ काढून पाहिला. फोन समोर धरला की ते अवघडतात, हात जास्तच थरथरतो. आणि सकाळही आखडत चालली आहे. पूर्वी टोपली संपेपर्यंत नख चालायचं. हल्ली अर्ध्यावर थांबतं, आणि ती बाई टोपली आपल्याकडे ओढून घेते.

येत्या रविवारी तुम्हाला चिकूचं झाड दिसेल. आजोबा फोनच्या अलीकडे, माझ्या शेजारी असतील. तुम्ही बोलत राहा. ऐकू येतं त्यांना.