झिवोरादच्या शेजारची जागा

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. झिवोरादची, गावाच्या झिकाची, मेल्यावरही गेली नाही, आणि त्याची बायको रादोयका हिचा जळफळाट चालला होता तो त्याच्यामुळेच.

दफनाच्या दिवशी पाद्री बाबा धुपाटणं हलवत उभे असताना खड्डा खणणाऱ्या मिलुतिनने तिला हळूच बाजूला घेतलं होतं.

"काकू, झिका काकांना डाव्या बाजूला ठेवतोय. उजवीकडे आधीच कुणीतरी आहे."

"कुणीतरी म्हणजे? ती माझी बाजू आहे!"

"तासा काका आहेत तिथे."

तासा! रादोयकाने कपाळावर हात मारला. लोकांना वाटलं, बिचारीला दुःख आवरत नाही.

हा तासा म्हणजे नदीवरचा एक नावाडी. अकॉर्डियन बरं वाजवायचा. मागे-पुढे कुणी नाही. लग्नानंतर झिवोरादने बायकोला स्वतः बांधलेल्या होडीतून डॅन्यूबवरून थेट काळ्या समुद्रापर्यंत नेण्याचा घाट घातला. नवी नवरी नटूनथटून घाटावर आली, तर होडीत तासा ऐसपैस बसलेला. "अगं, सुकाणू कोण धरणार? मला तुझा हात धरायचाय ना," झिवोराद म्हणाला. प्रत्यक्षात होडी गळत होती आणि नवरीच्या हातात सगळा वेळ पातेलं होतं, पाणी उपसायला.

पुढचा संसारही तसाच झाला. नदी ओलांडायच्या तराफ्यावर कुणी भेटला की झिवोराद त्याला जेवायला घरी आणायचा. लग्नातले वाजंत्रीवाले आले, गाडी बंद पडलेला गुरांचा डॉक्टर आला, वाट चुकलेले सायकलवाले आले. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! रादोयका शिव्या घालत रश्श्यात पाणी वाढवायची, आणि पलंग पाहुण्याला देऊन नवराबायको पोरांशेजारी जमिनीवर झोपायची. पोरांना तर तो सणच वाटे. बाप त्यांना खांद्यावर घेऊन नदीवरचा बर्फ फुटताना दाखवायला न्यायचा, तापात उशाशी बसून राहायचा. माणूस वाईट असता तर निदान पोटभर शिव्या तरी देता आल्या असत्या.

एकदा तिच्या वाढदिवसाला "डोळे मीट" म्हणाला आणि हाताला धरून घेऊन गेला कुठे, तर स्मशानात! काळ्या दगडावर दोघांचे चेहरे कोरलेले, खाली जन्मसालं आणि पुढे कोरी जागा. गावात सगळेच जिवंतपणी दगड करून ठेवतात, पण वाढदिवसाची भेट म्हणून कुणी देत नाही. ती आठवडाभर बोलली नाही. पण तो तिथे जे म्हणाला होता, ते तिने मनात जपून ठेवलं. "इथे तरी आपण दोघंच, रादोयका. कुणी येणार नाही."

मग काही वर्षांपूर्वी ती लेकीच्या, ल्युबिन्काच्या, बाळंतपणाला शहरात गेली असताना तासा वारला. झिवोरादने फोनवर सांगितलं, "नीट पुरला त्याला, काळजी करू नकोस." कुठे पुरला, हे कोण विचारतं?

म्हणून दफनाच्या दिवशीच तिने मिलुतिनला बजावलं होतं, "चाळीसावा झाला की तासाची हाडं पिशवीत भर आणि कुंपणाच्या कडेला पूर. आयुष्यभर घरातून एक पाहुणा बाहेर काढला नाही मी. हा पहिला."

चाळीसाव्याला, म्हणजे मृत्यूनंतर चाळीसाव्या दिवशीच्या जेवणाला, कुणाला आमंत्रण देत नाहीत; जो येईल त्याला वाढायचं. रादोयकाने घरच्यांपुरते मासे केले होते. आणि आली ती नदीच्या दोन्ही काठांची माणसं. उकडलेल्या गोड गव्हाचं ताट घेऊन ती थडग्यापाशी उभी होती, तेवढ्यात पलीकडच्या काठावरचा म्हातारा रुमानियन नावाडी पेत्राके पुढे आला, तिला पाहून त्याने छातीवर क्रूस काढला आणि त्याच्या हातातली बाटली खाली पडली.

"वहिनी? अगं, तू तर मेलीस!"

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? त्या वर्षी इथे आलो, तर दगडावर तुझा चेहरा, त्याच्या खाली ताजी माती! दरवर्षी मेणबत्ती लावतोय मी तुझ्या नावाने. वाईनसुद्धा ओततो."

"आणि झिकाने काय सांगितलं?"

"काही नाही. मी रडलो, तर तोही रडला. आम्ही प्यायला बसलो."

"मी घरात त्याच्या चड्ड्या धूत होते, आणि हा इथे बसून माझ्या नावाने रडत होता!"

"म्हणाला होता तो... म्हणजे तू गेल्यावर," पेत्राके चाचरला. "म्हणाला, 'पेत्राके, मी जगभर उंडारलो ते हिच्या जिवावर. कुणालाही घेऊन गेलो तरी ही दार उघडायची. शिव्या द्यायची, पण उघडायची. हिच्याशिवाय मी कुठे परत आलो असतो?'"

रादोयकाच्या हातातलं ताट कलंडलं. "मग मला सांगायचं होतंस की, मेल्या!" ती दगडावर ओरडली. "जिवंत होते ना मी! रोज समोर होते!" आणि चाळीस दिवस न रडलेली ती बाई सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडली.

जेवणं झाली. मिलुतिन फावडं आणि पिशवी घेऊन आला. "काढू का काकू, तासा काकांना?"

तिने ताटातला उरलेला गहू तासाच्या मातीवर ठेवला. "काढू नकोस," ती म्हणाली. "माझी वेळ आली की त्याला कडेला सरकव. मला मधे ठेव."

"मधे का?"

"नाहीतर दोघं गप्पा मारत बसतील आणि मला झोप लागायची नाही."

मिलुतिन हसत निघून गेला. पेत्राके मात्र अजून तिथेच खोकत उभा होता. तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "काय रे, तुझी थडग्याची जागा आहे ना तुझ्या गावात? घरचं कुणी आहे?"

पेत्राके हातातली टोपी गोल गोल फिरवत राहिला.

"अरे देवा," रादोयका म्हणाली. तिने वळून दगडावरच्या त्या चेहऱ्याकडे पाहिलं. "हसू नकोस, झिका. हसू नकोस."