शेंदराखालची बाई

मला कोणी मनाने मोठी म्हटलं की मी लगेच सांगते, तसं काही नाही. माझं कोणी काही घेतलं तर मी विसरत नाही. माझी एकतीस चित्रं अमरावतीच्या एका प्राध्यापकांनी घेतली आणि तो राग मी तीन वर्षं जपून आहे.

चित्रं होती मिठाच्या विहिरींवरच्या दगडांची. अकोटकडून पूर्णेच्या काठाला उतरलं की खारपाणपट्टा लागतो. तिथलं जमिनीखालचं पाणी इतकं खारट, की बादशाही अमलात खोल विहिरी खणून, ते पाणी वाफ्यांत वाळवून मीठ काढायचे म्हणतात. पुढे इंग्रजांनी ते बंद पाडलं. विहिरी बुजल्या, पण त्यांच्या तोंडाशी बसवलेले कोरीव दगड राहिले: मोट ओढणारे बैल, फावडं धरलेला माणूस, मोर. मी शाळेत चित्रकला शिकवायची. सात वर्षं दर रविवारी एसटीने जाऊन मी ते दगड कागदावर उतरवले. घरच्यांनी माझं नाव 'दगडाची बाई' ठेवलं होतं.

एका गावात विहिरीशेजारच्या दगडावर एक बाई कोरलेली होती. गावाने तिची देवी केली होती. आमच्याकडे उभा दगड दिसला की त्याला शेंदूर लागतोच, आणि मग दर अमावस्येला तेलात कालवलेला नवा थर. मीही जाताना डबी न्यायची. ते थर चढून चढून बाईच्या डोक्यावर छान उंच मुकुट झाला होता. तो मी अगदी बारकाईने काढला.

प्राध्यापकांनी माझी फाइल 'अभ्यासाला' म्हणून नेली. पुस्तक आलं तेव्हा प्रत्येक चित्राखाली 'रेखाटन : लेखक' असं छापलेलं. प्रस्तावनेच्या शेवटी 'स्थानिक शिक्षकवर्गाचे सहकार्य' एवढंच. म्हणजे मी वर्ग! फोन केला तर म्हणाले, "मॅडम, काम महत्त्वाचं, नाव नाही." मग त्यांचं नाव मुखपृष्ठावर एवढ्या ठळक अक्षरांत कशाला होतं? पुढच्या रविवारी मी त्या देवीपुढे नवस बोलले: माझं नाव त्या पुस्तकात छापून येऊ दे, तुला हिरवं लुगडं नेसवीन.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शेंदराची खोळ तडकून गळून पडली. कळल्याबरोबर मी पाहायला गेले. आत मुकुट नव्हताच. बाईच्या डोक्यावर कापडाची चुंबळ होती आणि चुंबळीवर घडा. ती विहिरीचं खारं पाणी वाहणारी मजूर होती. माझी आजी जन्मभर डोक्यावरून पाणी वाहत होती, आणि मला चुंबळ ओळखू आली नाही! आधी लाज वाटली. मग पुस्तकातलं सबंध एक प्रकरण आठवलं. त्या मुकुटावरून प्राध्यापकांनी तिला राणी ठरवलं होतं आणि विहिरींना राजाश्रय मिळवून दिला होता. मला इतका आनंद झाला की मी तिथेच बसून डब्यातली भाकर खाल्ली.

मी कोणाला काही कळवलं नाही. गावात माहितीफलक लावायचं मी सरपंचबाईंच्या गळी उतरवलं आणि पाहुणे म्हणून प्राध्यापकांनाच बोलवायला लावलं. ते त्या दगडापाशी पूर्वी कधी आलेच नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. दगडावर मी चादर टाकून ठेवली. ते राणीवर पाऊण तास बोलले. मग चादर त्यांनाच ओढायला लावली.

पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "राणी काहाची वो? चुंबय हाय ते डोक्शावर. माही माय अशीच पानी वाहे."

लोक हसले. मी प्राध्यापकांच्या तोंडाकडे पाहत होते, त्याचसाठी तर थांबले होते. त्यांनी घाम पुसला, माझ्याकडे बोट केलं आणि माइकवर शांतपणे म्हणाले, "हे चित्र माझं नाही. या मॅडमनी काढलंय. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला."

गेल्या महिन्यात पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली. तीस चित्रांखाली 'रेखाटन : लेखक' तसंच आहे. एकतिसाव्याखाली माझं पूर्ण नाव आहे, आणि त्यापुढे 'सदोष'.

नवस फेडायला गेले तेव्हा लुगड्याबरोबर पिशवीत शेंदराची डबी होती. खरं सांगते, मला मुकुट पुन्हा चढवायचा होता. अमावस्यांमागून अमावस्या थर दिले असते तर माझं चित्र पुन्हा बरोबर ठरलं असतं. बोट डबीत बुडवलं तशी तीच म्हातारी मागून म्हणाली, "काहून वो बाई? आता कुठं ते मोकयी झाली, त तुमी काहाले लिपता तिले?"

मी बोट पदराला पुसलं. प्राध्यापकांनी माझ्या कामाचं जे केलं, तेच मी त्या बाईच्या कामाचं करायला निघाले होते. लुगडं नेसवलं, चुंबळ उघडी ठेवली आणि घरी आले. प्राध्यापकांना मात्र मी माफ केलेलं नाही.