जीपच्या टपावरची बॅग
माळा झाडताना रेक्झिनची निळी बॅग खाली पडली आणि तिच्या कुबट वासासरशी वरवंडच्या आमच्या ओट्यावरची ती संध्याकाळ समोर उभी राहिली. आई राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आली होती. तेव्हा सरपंच सदस्यांमधूनच ठरायचा. कुणी फुटू नये म्हणून पॅनेलवाले मतदानापर्यंत आपल्या सदस्यांना सहलीला नेऊन ठेवत. एका मतावर सगळं अडलं होतं. जीप दारात उभी होती आणि आईला न विचारताच वडिलांनी भरलेली हीच बॅग टपावर चढली होती. मी दौंडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होते. परीक्षेसाठी अमेरिकेचा धडा मोठ्यानं वाचत होते. तिथं लोक आधी आपापल्या राज्यातली माणसं निवडतात आणि ती माणसं महिनाभरानं राष्ट्राध्यक्ष ठरवतात, हे ऐकून पॅनेलप्रमुख आप्पांची चहाची बशी तोंडाशीच थांबली. "महिनाभर? आन् तवर त्यांला ठिवत्यात कुठं?" मी म्हटलं, "आपापल्या घरीच, आप्पा." "घरी? आन् कुणी पळवून न्हेत न्हाई?" आप्पांचा आ वासलेलाच राहिला. तेवढ्यात त्यांच्यासमोर कधी मान वर न करणारी आई पदर खोचून बाहेर आली, चाकावर पाय देऊन तिनं बॅग खाली ओढली आणि म्हणाली, "मग म्या बी घरीच ऱ्हाते, आप्पा. मत द्यायला यीन की चालत." बॅग घेऊन ती आत निघून गेली. बॅग पुसताना आज जाणवलं, त्यानंतर आमच्या घरात आईची बॅग दुसऱ्या कुणी कधीच भरली नाही.